चिक्कडपल्लीतली चौकशी

हैदराबादेत 'चिक्कडपल्ली' ही पाटी वाचली की आपल्यासारख्या दुभाषी घरातला माणूस मनातल्या मनात हसतो. कन्नड कानाला त्यात 'चिक्क' ऐकू येतं, म्हणजे लहान. तेलुगू माणसाला 'चिक्कुडु' आठवतो, म्हणजे घेवडा. अर्थ कुठलाही घ्या, ही वस्ती आता लहान राहिलेली नाही आणि घेवड्याचा वेल चढवायला कुणाच्या घरामागे परसही उरलेलं नाही.

बिदरहून निघालेली बस जहीराबाद, संगारेड्डी, पटानचेरू करत इमलीबनच्या स्थानकात सोडते. पूर्वी तिथून पुढे रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी लागे. 7 फेब्रुवारी 2020 रोजी मेट्रोचा हिरवा मार्ग सुरू झाला आणि ती हुज्जत संपली. इमलीबनहून निघालं की पहिलं स्थानक सुलतान बाजार, दुसरं नारायणगुडा, तिसरं चिक्कडपल्ली. सुलतान बाजार आला की आपल्याकडच्या जुन्या मंडळींचे डोळे चमकतात. जांबागेतलं विवेकवर्धिनी, काचीगुड्याची नृपतुंग शाळा ही नावं आपल्या घराघरांत आहेत. 1956 साली भाषावार प्रांतरचना होईपर्यंत बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड या सगळ्यांची राजधानी हैदराबादच होती. रेषा नकाशावर पडल्या, पण आत्या, मावश्या आणि चुलते तिथंच राहिले. आमची एक मावशी चिक्कडपल्लीत राहिली, म्हणून हा लेख.

वस्ती मोठी गमतीची आहे. एका बाजूला त्यागराय गानसभा, जिथं संध्याकाळी वीणा, मृदंग, कुचिपुडी यांतलं काही ना काही चालू असतं. जवळच शहर मध्यवर्ती ग्रंथालय, तिथं स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून जागा धरून बसतात. शेजारच्या अशोकनगरात त्यांचे शिकवणी वर्ग, त्यांची वसतिगृहं आणि त्यांना जगवणारे 'करी पॉइंट'. भात घरी लावायचा आणि सांबार, पप्पू, भाजी पिशवीत बांधून न्यायची, ही हैदराबादची सोय आमच्या मावशीला आता फार प्रिय आहे. थोडं पुढं गेलं की आर.टी.सी. चौरस्ता, परिवहन महामंडळाचं बसभवन आणि चित्रपटगृहांची ती प्रसिद्ध रांग. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या संध्या चित्रपटगृहात चेंगराचेंगरी होऊन एका महिलेचा जीव गेला, तेव्हा चिक्कडपल्ली पोलीस ठाण्याचं नाव देशभर झालं. पण एरवी ही पेन्शनर, विद्यार्थी आणि गायन-वादन करणाऱ्यांची शांत वस्ती आहे.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, स्टेट बँक ऑफ हैदराबादमधून निवृत्त झाले. ती बँक 1 एप्रिल 2017 ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, पण काकांच्या बोलण्यात ती अजून 'आमची बँक' आहे. वय शहात्तर. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी वॅगन आर घेतली. सगळं धरून चार लाख साठ हजार पडले, त्याची पावती अजून फाइलमध्ये आहे. नंबर अर्थातच 'ए.पी.'चा. जून 2014 मध्ये तेलंगणा झाल्यावर नव्या गाड्यांना 'टी.एस.' आलं, मार्च 2024 पासून 'टी.जी.' आलं. काकांची गाडी मात्र जुन्या आंध्राची आठवण कपाळावर घेऊन फिरत राहिली.

दोन वर्षांपूर्वी काकांना काचबिंदू निघाला आणि त्यांनी स्वतःहूनच गाडी चालवणं कमी केलं. एके दिवशी त्यांनी हिशेब मांडला. वर्षभरात गाडी फिरली एकोणीसशे किलोमीटर. विमा, सर्व्हिसिंग, किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च बावीस हजार. म्हणजे पेट्रोल न धरताच किलोमीटरला साडेअकरा रुपये. "एवढ्यात रिक्षावाला मला पाय चेपत नेईल," काका म्हणाले. गाडी विकायचं ठरलं आणि डिसेंबर 2025 मध्ये मला बोलावणं आलं. मी अर्थशास्त्र शिकवतो, एवढ्यावरून मला गाडीची किंमत कळत असेल असा त्यांचा समज!

जितकी तोंडं तितके भाव

गाडी एक आणि तिचे भाव चार निघाले. नातवानं मोबाइलवर जाहिराती पाहून सांगितलं, "आजोबा, सव्वातीन लाख!" जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं फोनवरच एक लाख पंचेचाळीस हजार सांगितले. शेजारचे गृहस्थ दखनीत म्हणाले, "पंधरा साल की होने को आई साब, सव्वा लाख बोले तो बहोत हुआ." विम्याच्या कागदावर आकडा होता एक लाख पस्तीस हजार. आणि मावशीचं म्हणणं, "या गाडीतून आपण तिरुपतीला गेलो, नातीला दवाखान्यातून घरी आणलं. तिला एवढ्यात द्यायची?"

वाचकहो, यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाचा आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता.

विम्यातला आकडा घ्या. गाडीची विमा किंमत ठरवण्याचं एक कोष्टक आपल्याकडे आहे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के घट, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के. पुढं? पुढं कोष्टक संपतं. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी संमतीनं ठरवायची असते. म्हणजे चौदा वर्षांच्या गाडीला सरकारदरबारी भाव असा नाहीच. ज्याला 'कागदावरची किंमत' म्हणून लोक पुढं करतात, तीही कुणीतरी अंदाजानंच लिहिलेली असते.

व्यापाऱ्यालाही दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जागेचं भाडं आहे, डागडुजी आहे, महिनोन्महिने गाडी उभी राहण्याची जोखीम आहे. शिवाय 16 जानेवारी 2025 पासून त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर 18 टक्के जी.एस.टी. आहे. घरगुती माणसानं दुसऱ्या घरगुती माणसाला गाडी विकली तर हा कर लागत नाही. तेव्हा व्यापाऱ्याचा भाव हा ठोक भाव. घाई असेल, दारात दहा माणसं नको असतील, तर तो घ्यावा. पण त्यालाच रास्त भाव समजू नये.

आणि नातवाच्या जाहिराती? तिथं एक मेख आहे. जी गाडी रास्त भावात असते ती चार दिवसांत विकली जाते आणि जाहिरातीतून नाहीशी होते. जी महाग असते ती महिनाभर तिथंच असते. म्हणून आपल्याला दिसतात त्या बहुतेक न विकल्या गेलेल्या गाड्या. त्यांचे भाव म्हणजे मालकांच्या इच्छा.

चौकशी आधी, चौकाशी नंतर

आपल्या दोन भाषांत एक गमतीची जोडी आहे. मराठीत 'चौकशी' म्हणजे विचारपूस, तपास. कन्नडमध्ये 'चौकाशी' म्हणजे घासाघीस. अक्षरं जवळजवळ तीच, पण एक शब्द गाडीभोवती फिरून बघतो आणि दुसरा खिशाकडे बघतो. काकांना मी एवढंच म्हटलं, की आपण मराठी शब्दापासून सुरुवात करू. चौकशी पुरी झाली की चौकाशीला फार जागा उरत नाही.

मग दोन दिवस आम्ही दिवाणखान्यात कागद पसरून बसलो. हीच वॅगन आर, हेच इंजिन, 2011 ते 2013 मधली, पेट्रोलवरची आणि हैदराबादेतलीच अशा सात जाहिराती निवडल्या. सर्वांत कमी एक लाख सत्तर, सर्वांत जास्त सव्वातीन. दोन्ही टोकं सोडून मधली घेतली ती दोन लाख चाळीस हजार. मागणी आणि प्रत्यक्ष सौदा यांत काकांनी बँकेच्या सवयीनं दहा टक्के फरक धरला. उरले दोन लाख सोळा हजार.

आता आपल्या गाडीची खोड. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर होतं 3218, म्हणजे 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी बरी दिसत होती, पण सात वर्षांचं रबर ते. चार टायरांचे पंधरा हजार वजा. चढावर क्लच घसरत होता, साडेसात हजार. मागच्या बंपरचा पोचा आणि रंग, साडेचार हजार. बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती, चार हजार. एकूण एकतीस हजार. दोन लाख सोळामधून एकतीस गेले, राहिले एक लाख पंच्याऐंशी हजार.

काका म्हणाले, "आणि फेब्रुवारी 2027 मध्ये पंधरा वर्षं पुरी होतात, त्याचं?" प्रश्न बरोबर होता. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून दर वेळी पाच वर्षांनी वाढवायची. या नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून मोटारीला सहाशेवरून पाच हजार आणि दुचाकीला तीनशेवरून हजार झालं. ऑगस्ट 2025 मध्ये आणखी एक पायरी आली. वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला दहा हजार, दुचाकीला दोन हजार. वर हरित कर वेगळा. पण हा खर्च त्या सातही गाड्यांना जवळ आलेला आहे, म्हणून तो त्यांच्या भावात आधीच उतरलाय. तो पुन्हा वजा केला तर एकच घट दोनदा सोसावी लागेल. उलट एकच मालक, अडुसष्ट हजार किलोमीटर आणि प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती, याचे पैसे आम्ही वाढवून धरले नाहीत. भाव खाली न येऊ देण्याचं ते कारण, एवढंच ठरवलं.

शेवटी मागणी ठेवली एक लाख पंच्याण्णव हजार. त्यातले दहा हजार म्हणजे चौकाशीचा मान. तोही ठेवावा लागतो. गिऱ्हाइकाला एक पैसाही सोडला नाही तर त्याला घेतल्याचं समाधान होत नाही.

लिंबू

जुन्या गाडीच्या बाजारावर अर्थशास्त्रात एक गाजलेला लेख आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी तो 1970 साली लिहिला आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अमेरिकेत फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. आपण लिंबू गाडीला बाहेरून बांधतो, त्यांचं लिंबू बॉनेटखाली असतं! अकरलॉफ यांचं म्हणणं सोपं आहे. गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्यांनाच थोडं वाईट धरून कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मग उरतात लिंबंच, आणि भाव आणखी उतरतो. याच लेखात त्यांनी भारतातल्या सावकारीचं उदाहरणही दिलं आहे.

वर्गात मी हे दरवर्षी शिकवतो, पण चिक्कडपल्लीत ते डोळ्यांनी पाहिलं. शेजाऱ्यांचा सव्वा लाख हा काकांच्या गाडीचा भाव नव्हताच. न पाहिलेल्या, न ऐकलेल्या कुठल्याही जुन्या गाडीचा तो भाव होता. त्या सव्वा लाखापासून एक लाख पंच्याऐंशीपर्यंतचं अंतर कापायचं तर एकच वाट होती. जे आपल्याला ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक करून द्यायचं. काकांनी स्वच्छ अक्षरात दोन यादी केल्या, एक दोषांची आणि एक कागदपत्रांची.

भाव माणसांच्या हातात नसतो तेव्हा काय होतं, हेही सांगायला हवं. परवान्यांच्या काळात बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. तेव्हा वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा जास्त पैशांना जात असे, कारण ती आज मिळत होती. 1 एप्रिल 2010 ला तेरा शहरांत भारत-4 हे धुराचं मानक आलं. त्यात हैदराबाद होतं आणि आपलं सोलापूरही होतं. त्या दिवसापासून या शहरांत नवी मारुती 800 मिळेनाशी झाली. अगदी अलीकडे, 22 सप्टेंबर 2025 पासून, छोट्या पेट्रोल मोटारींवरचा कर अधिभारासह 29 टक्क्यांवरून 18 वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीला खाली सरकावंच लागतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल 2023 पूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडे लक्ष द्यावं लागतं, हेही गिऱ्हाईक विचारतं. म्हणून गेल्या वर्षी मेव्हण्याची गाडी कितीला गेली, हा पुरावा धरू नये. भाव आजचा असतो.

भाव गावाचाही असतो

मावशीची इच्छा अशी, की गाडी आपल्या बिदरच्याच कुणाला तरी द्यावी. माझ्या ओळखीचा एक तरुण शिक्षक तयारही होता. एक लाख पंच्याऐंशी त्याला परवडत होते. पण मी त्याला पुढचा हिशेब करायला लावला. परराज्यात गाडी न्यायची तर हैदराबादच्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, नमुना 28. थकलेले दंड भरलेले असावे लागतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे के.ए. 38, आणि गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकाचा आजीवन कर. वर खेपा, रजा, दलाल. सगळं धरून त्याच पैशांत बिदरच्या नंबराची बऱ्यापैकी गाडी त्याला गावातच मिळत होती. चिक्कडपल्लीत जो रास्त भाव, तो बिदरमध्ये रास्त नव्हता. आपल्या सीमाभागात तीन राज्यांच्या गाड्या एकाच रस्त्यावर दिसतात आणि 'तिकडे स्वस्त मिळते' असं सर्रास ऐकू येतं. स्वस्त मिळते ती गाडी. नंबर स्वस्त मिळत नाही.

शेवटी गाडी वस्तीतच गेली. गानसभेत कार्यक्रम करणाऱ्या एक वीणावादक बाई आल्या. वीणा स्कूटरवर नेता येत नाही आणि रिक्षात ती मांडीवर धरून बसावं लागतं, ही त्यांची अडचण. सोबत मेकॅनिक होता. काकांनी चहाच्या आधीच दोषांची यादी वाचून दाखवली. मेकॅनिक हसून म्हणाला, "साब, मेरा काम आपीच कर दिए!" तरी त्यानं गाडी काढली. इंदिरा पार्कच्या चौकातून, ऑगस्ट 2023 मध्ये खुल्या झालेल्या पोलादी पुलावर चढवली, क्लच पाहिला आणि यादीत नसलेला एक दोष काढलाच. पुढच्या चाकाजवळचा बुश वाजत होता. खर्च तीन हजार.

बाईंनी एक लाख सत्तर म्हटलं. काकांनी आकडेमोडीचा कागदच त्यांच्यापुढं ठेवला. सात जाहिराती, मधला भाव, वजाबाकी, सगळं. आणि एक लाख पंच्याऐंशीमधून बुशचे तीन हजार स्वतःच्या पेनानं कमी केले. बाईंनी कागद दोनदा वाचला. एक लाख ब्याऐंशी हजारांवर सौदा ठरला आणि पाच हजारांचा इसार मिळाला. ना कुणी आवाज चढवला, ना कुणी उठून जाण्याचं नाटक केलं.

पैसे मिळाले म्हणजे संपलं नाही

इथून पुढचं आपल्या घरांत फार दुर्लक्षित राहतं, म्हणून नीट सांगतो. नमुना 29 आणि 30 वर सह्या होऊन मालकाचं नाव बदलेपर्यंत विक्री पुरी होत नाही. राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर पंचेचाळीस दिवसांत कळवायचं असतं. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. गाडी तीन हातांतून गेली असली तरीही! कर्ज फिटलं असेल तर बँकेचा नमुना 35 देऊन बोजा उतरवावा. विमाही नव्या मालकाच्या नावे चौदा दिवसांत करून घ्यावा. दावा न केल्याबद्दलची विम्यातली सूट मात्र गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. आणि हैदराबादेत पहिला प्रश्न दंडाचा. तिथं थकलेले दंड इतके साचले होते, की 2022 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2023 मध्ये सरकारनं भली मोठी सूट देऊन ते वसूल केले. काकांचा एकच निघाला, सिग्नलच्या पट्टीवर चाक गेल्याचा. तो त्यांनी इसार घेण्यापूर्वीच भरला.

आपल्याकडे गाडी विकताना दोनच गोष्टींची भीती असते, आपण फसलो तर आणि लोक हसले तर. त्यापायी कुणी दोष लपवतं, तर कुणी येईल त्या भावात देऊन मोकळं होतं. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं हे खरं, पण हिशेब संपत नाही. सारख्या गाड्यांचा मधला भाव, त्यातून मागणी-सौद्याचा फरक, त्यातून आपल्या गाडीची खोड. एवढी वजाबाकी कुणालाही येते. मग तो आकडा घेणाऱ्यासमोर मोठ्यानं वाचून पाहावा. सगळे दोष सांगून झाल्यावरही जो आकडा म्हणताना आपली मान खाली जात नाही आणि समोरच्याची भुवई वर जात नाही, तोच रास्त भाव. मग तो मराठीत मागा, कन्नडमध्ये मागा, नाहीतर दखनीत.